नानांनी सर्व्हर बसवला

"पण तो राहतो कुठं?" लॅबमध्ये काहीही नवं आलं की नानांचा हा पहिला प्रश्न. प्रिंटर आला, राहतो कुठं? नवी मॅडम आली, राहते कुठं? ती नवी मॅडम म्हणजे मी. जळगावच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी नानांनी माझं नाव विचारलं नाही, पत्ता मात्र गल्लीसकट काढून घेतला.

नाना आमच्या कॉम्प्युटर लॅबचे शिपाई. गाव पारोळा. बोलणं एरवी ऑफिसचं, पण आनंद झाला किंवा घाबरले की तोंडातून सरळ अहिराणी. तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच, ज्याच्या कमरेला सगळ्या किल्ल्या असतात आणि साहेबही ज्याला वचकून असतात. आता ते निवृत्त झालेत म्हणून ही थट्टा. समोर असताना माझी काय बिशाद!

एका दुपारी मी मुलांच्या पहिल्या प्रॅक्टिकलची तयारी करत होते. जावाचा अॅप्लिकेशन सर्व्हर कसा बसवायचा, कसा सुरू करायचा, अगदी नवख्यांसाठी. नाना खुर्ची ओढून शेजारी बसले. लॅबमध्ये हा माणूस खुर्चीवर बसलेला मी तोवर पाहिलाच नव्हता.

"मॅडम, हा सर्व्हर रोज का पडतो?"

"कुठला, नाना?"

"पुण्यातला. आमच्या पोरीच्या कंपनीतला."

मुलगी एकुलती एक. बायको गेल्यापासून नाना घरी एकटेच, आणि संध्याकाळचा तिचा फोन हाच काय तो घरातला आवाज. तो दोन मिनिटांत संपायचा. "पप्पा, जेवलात ना? सर्व्हर पडलाय, ठेवते." नानांच्या डोळ्यांपुढे एक मोठं लोखंडी कपाट होतं. "रोज पडतो तर नीट बसवत का नाहीत? एका पायाखाली पुठ्ठा घाला म्हणावं."

मी इतकी हसले की ठसका लागला. नाना हसले नाहीत.

"ती दिवसभर काय करते तेच मला कळत नाही, मॅडम. मग बोलू काय तिच्याशी? मला शिकवा हे."

माझं हसू जागीच थांबलं. वाईट वाटलं, खरंच.

मी समजावलं, की जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम आत बसलेला असतो. बाहेरून लोक ब्राउझरमधून काहीबाही मागतात. त्यांचं मागणं आत न्यायचं, उत्तर बाहेर आणायचं, दिवसभर, न कंटाळता. ते काम सर्व्हरचं.

"म्हणजे शिपाई!" नाना एकदम ताठ झाले. "तो पडला की साहेब आत आणि लोक बाहेर. मग पोरगी धावणारच!"

हे कळायला माझ्या मुलांना आठवडा लागतो.

पहिल्या दिवशी नानांनी सर्व्हर सुरू करून पाहिला, तर एक काळी खिडकी उघडली आणि डोळ्यांदेखत गायब झाली. मी सांगितलं, "सर्व्हरला जावा सापडत नाहीये. ती कुठल्या फोल्डरात आहे, तो पत्ता सेटिंगमध्ये लिहावा लागतो."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं! "मग मी पहिल्यापासून काय विचारतो? तेव्हा तुम्ही सगळे दात काढता."

एका बोटानं, ओठ हलवत, त्यांनी तो पत्ता टाईप केला. ब्राउझरमध्ये सर्व्हरचं पान उघडलं, म्हणजे सर्व्हर चालू झाला. "चालू व्हयना! मॅडम, चालू व्हयना!" नाना उठून उभे राहिले, शर्ट नीट ओढला, जणू कुणी मोठा साहेब आत आला होता. मग दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आले, "हा म्हणतो, जागा भरलेली आहे. कोण बसलंय?" पाहते तर यांनीच एकामागून एक तीनदा सुरू केलेला. "उत्तर देईना, म्हणून पुन्हा हाक मारली!" सर्व्हर आपली सगळी हकीकत लॉग नावाच्या फाईलमध्ये लिहितो, हे त्यांना फार आवडलं. ओळीवर बोट ठेवून वाचत बसायचे, कळो न कळो.

असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी नाना पडलेल्या चेहऱ्यानं माझ्या केबिनमध्ये आले.

"काल विचारलं मी. लॉगमध्ये काय आलंय, म्हटलं. 'पप्पा, प्लीज' म्हणाली आणि ठेवला."

मला त्या न पाहिलेल्या मुलीचा भयंकर राग आला. "कामात असेल हो," मी म्हटलं.

"असेल," म्हणाले, आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला लागले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तिचाच, आणि भर ऑफिसच्या वेळेला. नाना पांढरे पडले. "काय व्हयनं? बरी शे ना तू?"

पलीकडचं बोलणं बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "हो, लॉगच म्हटलं मी. अगं, मी बसवला ना! इथं लॅबमध्ये. स्वतः. नाही नाही, तू सांग. तुझा कसा पडला?" आणि बोलत बोलत बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसले.

साडेदहाची घंटा झाली. बंद लॅबसमोर चाळीस मुलं. नानांच्या सगळ्या नोकरीत लॅब एक मिनिट उशिरा उघडली नव्हती. एक जण किल्ली मागायला निघाला, त्याला मी बॅगेला धरून मागे ओढलं. जिन्यावरून आवाज येत होता, "मग? मग तू काय केलंस?"

वीस मिनिटांनी विभागप्रमुखांनी नोंदवही पाठवली. लॅब का उघडली नाही, कारण लिहा. मी लिहिलं, 'माझ्या हातून किल्ली हरवली,' आणि खाली सही केली. जिन्यावर नाना हसत होते, आणि कमरेच्या किल्ल्या खळखळ वाजत होत्या.