दहाच्या जागी बावीस दिवस

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर वहिनींना किरणोत्सारी आयोडिनची गोळी दिली. राहिलेल्या पेशींत जाऊन ती त्यांना मारते आणि त्या कुठे आहेत तेही स्कॅनमध्ये दाखवते. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, लहान मुलांपासून दहा दिवस लांब, ताट-वाटी वेगळी.

वालूरला घरी आल्यावर मी टेपनं अंतर मोजून मागच्या खोलीत त्यांची खाट टाकली. माझी दोन वर्षांची नात त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. ती दारापर्यंत पळायची, मी तिला उचलून आणायचो.

नवव्या दिवशी पुतणीचा, वहिनींच्या मुलीचा, हैदराबादहून फोन आला. ती तिथे संशोधन करते. गाठ दाखवणारे, तिथंच औषध सोडणारे आणि काम झालं की शरीरात विरघळणारे अतिसूक्ष्म कण त्यांच्या प्रयोगशाळेत बनवतात.

मी विचारलं, "सगळे विरघळतात?"

"अजून उंदरांवरच चाललंय, काका. शेवटचा अंश कधी जातो ते मोजायलोत."

तिनं खरं ते सांगितलं, मी ते भलतीकडे लावलं. विरघळायलाच बनवलेल्या कणांची खात्री नाही, तर या गोळीची दहा दिवसांत कशी असेल? कोणालाही न विचारता मी मुदत वाढवली. वहिनींना एवढंच म्हणालो, "अजून थोडे दिवस."

बाविसाव्या दिवशी पुतणी आली. आईचं ताट वेगळं पाहून तिचा आवाज चढला. "कागदावर दहाच लिहिलंय की! गोळीचा जोर कसा उतरतो ते मोजूनच लिहितात. आमच्या कणांचा इथं काय संबंध, काका?"

मी खोलीत जाऊन चूक सांगितली. वहिनी खाटेवर उठून बसल्या.

"म्हंजे डॉक्टर कायी बोलले न्हाईत?"

"नाही."

"मला वाटलं, रोग राह्यलाय. तुमाला सांगितलंय अन् तुमी लपवायलाव. लेकीलाबी बोलले न्हाई मी. रोज मरण धरून बसले, भाऊजी."

माझी मान वर होईना. दुसऱ्याचा आकडा चुकला की मी चारचौघांत बोलून दाखवणारा माणूस.

नात दारात आली होती. वहिनींनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "घेऊ का पोरीला? का आजून मोजायचं राह्यलंय?"

"घ्या, वहिनी."

पण पोरगी उंबऱ्यावरच थांबली आणि उचलून न्यायला माझ्याकडे हात वर केले.