कुशाबाची सोनसहदेवी

कुशाबा बोऱ्हाडेच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द कुणी ऐकले असतील तर त्याने पुढे यावं. नारायणगाव-भीमाशंकर गाडीवर त्याची कंडक्टरकी सरली. चढाला गाडी बंद पडली की पॅसेंजर विचारायचे, "मास्तर, काय झालं?" ड्रायव्हर अजून बोनेट उघडतोय, तोवर कुशाबा सांगून मोकळा, "क्लच प्लेट." पुढची गाडी कधी? "येतीच आहे." ती अंधार पडल्यावर यायची, पण तोवर लोक निवांत बसायचे. कंडक्टरने एकदा का माहीत नाही म्हटलं की पॅसेंजर डोक्यावर बसतो, असं त्याचं तत्त्व होतं. नोकरीपुरतं ते ठीक होतं. पण माणूस रिटायर झाला तरी तत्त्व कुठे रिटायर होतं?

शिनोलीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला त्याचं गाव. डोंगराची ही बाजू कोरडी. दसऱ्याला हिरवी, दिवाळीला पिवळी आणि संक्रांतीला करडी, असा तिचा वर्षाचा हिशेब. त्या पिवळेपणाच्या दिवसांत पुण्याची माणसं भीमाशंकरला जाता जाता गाड्या कडेला लावून डोंगर चढायची आणि फुलांसमोर पालथी पडून फोटो काढायची. रिटायर झालेल्या कुशाबाला एकदा कुणीतरी विचारलं, "काका, हे फूल कोणतं?" झालं! गाडी सुटली. दुसऱ्या रविवारपासून कुशाबा डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून डोंगराच्या पायवाटेवर हजर.

आता खरं सांगायचं तर त्या डोंगरावरची तीन-चारच फुलं त्याला पक्की ठाऊक होती. सोनकी, कारण ती सगळ्यांनाच ठाऊक असते. एकदांडी, कारण लहानपणी खुरपं लागलं की तिचाच पाला चोळून लावायचा. ओसाडी आणि गाजरगवत, कारण ती उपटता उपटता कंबर मोडली होती. बाकी डोंगरभर बटणाएवढी पिवळी, पांढरी, जांभळट फुलं होती, एकसारखी दिसणारी, आणि पाहुण्यांना नेमकी तीच हवी असायची. मुलाने मोबाइलात फुलं ओळखायचं काहीतरी घालून दिलं होतं. पण ते एकाच फुलाला समोरून एक नाव सांगायचं आणि वरून दुसरं. असा दुतोंडी कारभार कुशाबाला पटला नाही. त्याने मोबाइल खिशात घातला आणि नावं स्वतःच द्यायला घेतली. मोठं पिवळं ते सोनकी, लहान ते सोनकीची पोर, वाळकं ते सोनकीची सासू. एक बाई गाजरगवतापुढे गुडघे टेकून बसल्या, तेव्हा त्यांचा हिरमोड नको म्हणून तो म्हणाला, "हे गवराईचं फूल." बाईंनी हात जोडले. जन्मभर ज्याला शिव्या घातल्या त्या गवताला नमस्कार होताना पाहून कुशाबाला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण जराच.

घात झाला तो वरच्या कड्यावर. तिथे खडकाच्या फटीत एक झाड यायचं. करड्या लोकरीसारखी पानं, पिवळी फुलं आणि चुरगाळलं की उग्र वास. एका मॅडमनी मोबाइल रोखून विचारलं, "आणि हे?" सोनकीचं अख्खं खटलं तोवर वाटून संपलं होतं. कुशाबाने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "सोनसहदेवी," तो म्हणाला.

"औषधी असते का?"

मॅडमचे यजमान मागे दगडावर बसून धापा टाकत होते. त्यांना बीपी असल्याचं चढताना चारदा सांगून झालं होतं.

"औषधी? अवो, बीपीवर रामबाण! चार फुलं उकळून प्यायची. आमची आजी द्यायची. पांडवांतल्या सहदेवानं लावलेलं झाड हाय हे."

सहदेवाला सगळं ठाऊक असायचं, पण विचारल्याशिवाय तो बोलत नसे, असं जुनी माणसं सांगतात. कुशाबाचं नेमकं उलट होतं, एवढाच काय तो फरक.

मॅडमनी तो व्हिडिओ टाकला आणि तो गावोगाव फिरून चार दिवसांत कुशाबाच्याच गावच्या ग्रुपवर आला. गावाने कुशाबाला जन्मभर 'थापाड्या' म्हटलं होतं. पण व्हिडिओच्या खाली कुणा पुण्याच्या माणसाने 'अमूल्य ज्ञान' असं लिहिलं होतं, आणि पुणेकर फुकट कशाला कौतुक करेल? गाव विचारात पडलं. दादाभाऊ मात्र विचारात पडला नाही. द्राक्षं, झेंडू, शेळ्या असं सगळं करून बसलेला हा उद्योगी माणूस. त्याने बाया लावून कड्यावरची हाताला लागतील ती झाडं ओरबाडून आणली, पत्र्यावर वाळवली आणि भीमाशंकरच्या रस्त्याला टपरी टाकली. 'सोनसहदेवी चहा'. पुडीवर रुमाल बांधलेल्या कुशाबाचा फोटो. कुशाबाने ती पुडी देव्हाऱ्याशेजारी टेकवून ठेवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याचा फोटो फक्त पासावर आला होता, तोही डोळे मिटलेला.

मग एक दिवस प्राची आली. पुण्याच्या कॉलेजात वनस्पतींवर संशोधन करणारी मुलगी, पाठीवर सॅक, गळ्यात भिंग. कुशाबाने तिला सरळ कड्यावर नेलं आणि छाती काढून म्हणाला, "ही बघा, सोनसहदेवी."

प्राचीने एक फूल तोडलं आणि नखाने उभं चिरलं. "बघा काका," तिने भिंग त्याच्या हातात दिलं. "हे एक फूल नाहीच. कडेची प्रत्येक पाकळी म्हणजे एक फूल आणि मधला प्रत्येक ठिपका म्हणजे एक फूल. सगळं गाव एका ताटात जेवायला बसलंय."

कुशाबाने पाहिलं. खरंच की! सगळी हयात ज्या फुलांच्या शेजारी काढली त्यांच्या पोटात कधी डोकावलं नव्हतं. पण तो म्हणाला, "ठावं हाय मला."

"सोनकीच्या गोतातलं वाटतंय. पण पानं वेगळी आहेत. बी पिकल्याशिवाय, त्याचे केस पाहिल्याशिवाय सांगता नाही येणार."

"म्हंजी तुमाला माहीत न्हाई?"

"नाही माहीत," प्राची म्हणाली, आणि तेही हसून! पुढे दिवसभरात ती आणखी दोनदा तसंच म्हणाली. कुशाबाला तिची कीव आली. एवढी शिकलेली पोर, आणि तोंड वर करून माहीत नाही म्हणते. ही कंडक्टर असती तर पॅसेंजरांनी हिला गाडीतून उतरवलं असतं.

उतरताना तिने विचारलं, "खाली टपरीवर याचाच चहा विकतात ना? ते थांबवायला हवं, काका. या गोतातली काही झाडं लिव्हर खराब करतात. हे त्यातलं आहे की नाही, मला माहीत नाही. म्हणूनच पिऊ नये."

कुशाबाला त्या क्षणी शेजारच्या घरातला वास आठवला होता. गेले काही दिवस भागूआक्काच्या ओट्यावरून येणारा, उग्र, ओळखीचा वास.

भागूआक्का त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा कुशाबा चड्डीतला होता. तिनेच त्याला खाऊ घातलं, शाळेत बसवलं आणि थापा मारल्या म्हणून फोकानेही मारलं. सगळ्या जगात त्याची एकही थाप न पचलेलं ते एकच माणूस. त्यामुळे तिची त्याला कधी काळजीच वाटली नव्हती. डोंगर उतरून तो तिच्या घरात शिरला तर आक्का पेल्यातून पिवळं पाणी पीत होती आणि बीपीच्या गोळ्यांचं पाकीट फळीवर तसंच्या तसं पडलेलं होतं.

"आक्का, गोळ्या?"

"दिल्या सोडून. हे बरं हाय. डोकं वाईच जड व्हतंय, पण औषध लागू व्हायला येळ लागतोच की."

कुशाबाने नेहमीसारखं काहीतरी रचून पाहिलं. त्या फुलाचा मोसम संपला, अमावस्येनंतर ते विषारी होतं, बायांनी ते पिऊ नये असं सहदेवानेच सांगितलंय. आक्का पीत राहिली. शेवटी तो तिच्यापुढे खाली बसला.

"आक्का, मला त्या झाडाचं नाव माहीत न्हाई. काय बी माहीत न्हाई. त्या बाईसमोर मी थाप मारली."

त्याला वाटलं होतं, जीभ झडेल. तसं काही झालं नाही.

आक्काने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "मोबाइलात तर तूच बोलत व्हतास."

"ती थाप व्हती."

"आन आत्ताची थाप न्हाई कशावरून?"

आक्काने पेला पुन्हा तोंडाला लावला. भावाच्या तोंडचं तिने कधी खरं मानलं नव्हतं. मोबाइलच्या तोंडचं मानलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

तो तडक दादाभाऊच्या टपरीवर गेला. गिऱ्हाइकांसमोर ओरडून म्हणाला, "हे पिऊ नका! मला ह्यातलं काय कळत न्हाई!"

"बगा, किती नम्र माणूस," दादाभाऊ गिऱ्हाइकांना म्हणाला. मग त्याने कुशाबाला बाजूला घेतलं. "काय राव, भागीदारी पायजे असंल तर सरळ बोला की. धंद्यावर माती कशाला?" आठवड्याच्या आत पुडीवरचा कुशाबा गेला आणि एक दाढीवाला बाबा आला. खप वाढला. गावात बोलवा झाली की कुशाबाला ते झाड आता एकट्यासाठी राखायचंय. जन्मभर थापा मारल्या त्या लोकांनी हसून का होईना ऐकल्या. पहिल्यांदा खरं बोलला, तर माणूस वाईट ठरला.

आणि एका सकाळी आक्का अंगणात चक्कर येऊन पडली.

तालुक्याच्या दवाखान्यात तिला भरती केलं. बीपी भलतंच वाढलं होतं, पण वेळेवर आणलं म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या बंद करून काय घेत होत्या? कसलं झाड?"

बरोबर आलेल्या सगळ्यांनी कुशाबाकडे पाहिलं.

"माहीत न्हाई," कुशाबा म्हणाला. "कुणालाच माहीत न्हाई. लिव्हरबी तपासा, सायेब." आणि रडायला लागला.

डॉक्टर गेल्यावर शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा हळूच जवळ सरकला. "पावणं, व्हिडिओतले तुमीच ना? आमच्या आबालाबी बीपी हाय. वाईच पत्ता सांगता का त्या फुलाचा?"

"मला खरंच काय ठावं न्हाई, भाऊ."

तो माणूस समजुतीने हसला. "बरोबर हाय. असल्या वस्तूचा पत्ता कोन सांगतंय?"

तेवढ्यात आक्काने डोळे उघडले. सलाइन लावलेला हात तसाच ठेवून, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "अरं, त्याला काय इचारतोस? येडं हाय ते! त्याला काय बी ठावं न्हाई. ल्हानपनापासून न्हाई!"

कुशाबाचा एवढा मोठा सत्कार आयुष्यात कधी झाला नव्हता. त्याने डोळे पुसले आणि मान हलवली. "खरं हाय," तो त्या माणसाला म्हणाला. "इचार कुनाला बी."

तिसऱ्या प्रहरी तो आक्काची चिठ्ठी घेऊन औषधांच्या खिडकीपाशी उभा राहिला. आतल्या बाईने गोळ्या कापून पुढे सारल्या आणि भराभरा सांगितलं, ही सकाळी, ही रात्री, ही अर्धी, ही जेवल्यावर. मागे मोठी रांग होती. "कळलं का, काका?" तिने विचारलं, आणि पुढच्याची चिठ्ठी घ्यायला हातही पुढे केला.

कुशाबाच्या तोंडात 'व्हय' आलंच होतं. त्याने ते गिळलं.

"न्हाई कळलं, ताई," तो म्हणाला. "पुन्यांदा सांगा."