नवी मूस

बडाबाजारात गलाईच्या दुकानावरची एक खोली, तिथे आम्ही तिघं राहायचो. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं. सांगलीकडची आमची माणसं देशभर हेच काम करतात, तसेच आम्ही या बंगाली शहरात आलेलो. माझे वडील, आमचे अण्णा, नात्यातल्या एकाच्या त्याच दुकानात भट्टीवर होते; मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, दिवसभर त्यांच्यासमोर असायची. तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, धूर जिन्यातून वर यायचा. अण्णांच्या शर्टांना पुढून भोकं पडायची. पाठीचं कापड चांगलं राहायचं, त्यातून आई माझं दप्तर शिवायची. त्या दप्तरावर मी दहावी केली, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

अण्णा सातवीपर्यंत शिकलेले, आई चौथी. पदवी घेणारी घरात मी पहिली. न्यू टाउनमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत लागले तेव्हा अण्णांचा खोकला वाढलेला होता. मी म्हटलं, आता भट्टी सोडा. ते म्हणाले, "नोकरी पक्की होऊ दे, मग सोडतो." शब्द दिला की ते फिरवत नाहीत, पण अटही सोडत नाहीत.

नोकरी पक्की व्हायला महिना उरला असताना साहेबांनी मला एक काम दिलं. खिदिरपूरला बंदरावरच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात लिनक्सच्या सर्व्हरवर आमचा प्रोग्राम बसवायचा. "एकटीनं करून दाखव, मग तुझं पत्र काढतो." त्या सर्व्हरला इंटरनेट नव्हतं, त्यांच्या नियमात बसत नव्हतं. जे लागेल ते पेन ड्राइव्हवर न्यायचं.

गेले. प्रोग्राम बसवायला घेतला, तर एक लायब्ररी, म्हणजे त्याला चालायला लागणारी जोडफाइल, सापडत नाही म्हणाला. परत आमच्या ऑफिसला आले, ती उतरवली, दुसऱ्या दिवशी नेली. तर त्या लायब्ररीला आणखी दोन हव्या होत्या. मग मी शहाणपणा केला. माझ्या लॅपटॉपला सांगितलं, या प्रोग्रामला जे जे लागतं ते सगळं एकदम उतरव. भरलेला पेन ड्राइव्ह घेऊन तिसऱ्यांदा बस पकडली. तरीही सर्व्हर म्हणाला, अमुक नाही, तमुक नाही. मला राग आला आणि मी जबरदस्तीची आज्ञा दिली: नसेल तर नसू दे, बसव. बसला, पण सुरूच होईना. वर त्यानंतर सर्व्हर दुसरं काहीही बसवून घेईना. जे घातलं ते काढण्यातच माझी दुपार गेली.

तिथले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, चहाचा कप ठेवत हिंदीत म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी इथे एक खुर्ची कायमची ठेवू का?"

"चाकं असलेली ठेवा," मी म्हटलं.

जेवताना अण्णांनी विचारलं, "झालं का गं?"

"नाही. माझ्या लॅपटॉपवर नीट चालतं. तिथे नेलं की हे नाही, ते नाही."

"सामान गोळा कशावर करतेस?"

"त्याच लॅपटॉपवर."

"तो कोरा आहे का?"

"कोरा कसा असेल? कॉलेजपासूनचा आहे."

"मग कसं कळणार? जुन्या मुशीच्या तळाला आधीच्या मालाचं काहीतरी चिकटलेलं असतंच. गिऱ्हाईकाचा माल तपासायचा तर मी नवी मूस घेतो."

"जेवताना तरी ती मूस खाली ठेवा," आई म्हणाली.

माझा घास हातातच राहिला. लॅपटॉपवर गेल्या चार वर्षांत बसवलेल्या कितीतरी लायब्रऱ्या आधीच होत्या. सगळं उतरव म्हटल्यावर त्यानं फक्त त्याच्याकडे नसलेलंच उतरवलं होतं. शिवाय त्याच्यावरचं लिनक्स नवं, सर्व्हरवरचं जुनं. चूक सर्व्हरची नव्हती, माझी होती.

सकाळी ऑफिसात लॅपटॉपच्या आत एक वेगळं कोरं मशीन तयार केलं, सर्व्हरवर होतं त्याच जुन्या आवृत्तीचं. त्याला तेच सांगितलं. आदल्या वेळी नऊ फाइली आल्या होत्या, आता सदतीस आल्या. तरी निघाले नाही. आणखी एक कोरं मशीन केलं, त्याचं इंटरनेट बंद ठेवलं आणि त्या सदतीस फाइलींवर प्रोग्राम चालतो का ते पाहिलं. चालला. मगच बस पकडली.

खिदिरपूरला बडेबाबू मागे उभे राहून बघत होते. सदतीसच्या सदतीस बसल्या. प्रोग्राम उघडला, त्यांनी सांगितलेल्या मालाची पावती छापून बाहेर आली. त्यांनी ती उजेडात धरून वाचली, सही केली आणि एवढंच म्हणाले, "खुर्ची काढतो मग."

महिनाअखेर मला कायम केल्याचं पत्र मिळालं. अण्णांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि पुढच्या सोमवारपासून भट्टीवर जाणं बंद केलं.