थांबा म्हणायची मुभा

आमच्या मालकांचा विमानावर जितका जीव, त्याच्या निम्मा माझ्यावर असता तर मी हे सांगायला बसलेच नसते. मालक म्हणजे माझा नवरा. सैन्यातली विमानं दुरुस्त करतात. उडवत नाहीत, उडवणारे खाली उतरले की मालक विमानाच्या पोटात शिरतात. नोकरी लांब, दुसऱ्या राज्यात. तिकडं राहायला घर मिळतं, पण सासूबाई जनावरं सोडून जायला तयार नाहीत आणि त्यांना एकटं सोडायला मालक तयार नाहीत. मग आष्टीच्या बाजूला या शेतातल्या घरात शेण काढायला उरलं कोण? मी.

सुट्टीवर आले की ओसरीवर माणसं जमतात आणि विमानाच्या गोष्टी सुरू होतात. लोक आ वासून ऐकतात. मी आत चहा गाळता गाळता ऐकते आणि जळते. खोटं कशाला बोलू, लई जळते.

त्या विमानाचे लाड तरी किती! त्याला हात लावायच्या आधी घड्याळ काढायचं, गळ्यातली साखळी काढायची, अंगठीसुद्धा काढायची. आमच्या लग्नातली अंगठी रोज सकाळी कपाटात जाते, कारण पत्र्याच्या कडेला अंगठी अडकली तर बोट सोलून निघतं म्हणे. प्रत्येक पान्याची भिंतीवर रंगानं आकृती काढलेली. संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान जागचं हलत नाही, अख्खी टोळी पाना शोधत बसते. इथं माझा विळा हरवून महिना झाला, कुणी विचारलं नाही. आत हात घालायच्या आधी वीज तोडायची, खटक्यावर लाल फीत बांधायची, म्हणजे आत माणूस आहे हे दुसऱ्याला कळावं.

पण मला झोंबली ती निराळीच गोष्ट. तिथं कुणीही ‘थांबा’ म्हटलं की काम थांबतं. म्हणणारा साहेब असो नाहीतर कालच भरती झालेला. आधी सगळ्यांनी हात बाहेर काढायचे, मग विचारायचं, कावून थांबवलं. आणि चूक निघाली नाही तरी थांबवणाऱ्याला कुणी बोलायचं नाही.

गाळणी हातात धरून मी उभीच राहिले. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी थांबा म्हटल्यावर कोण थांबलंय? म्हैससुद्धा थांबत नाही.

आणि त्यांचा तो जोडीदार! तिथं काम दोघांनी करायचं, एकानं पेच आवळायचे आणि दुसऱ्यानं तपासायचे. हा जोडीदार नागपूरकडचा. त्यानं नजर घातल्याशिवाय मालक साधं झाकण लावत नाहीत. सुट्टीतसुद्धा रोज त्याला फोन. तो हो म्हणाला की हो, नाही म्हणाला की नाही. बायको मी आणि ऐकायचं त्याचं. त्याचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं, तरी मी त्याच्या नावानं बोटं मोडायची.

आता माझा कारखाना सांगते. गोठ्यात कडबाकुट्टीचं मशीन आहे. एका बाजूनं वैरण सारायची, रूळ ती ओढून घेतात, पुढं पाती बारीक तुकडे करतात. रुळांवर जाळी होती, ती कधीतरी काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. तिच्यावर कोंबड्या बसतात. जनावरं चार, म्हणून सकाळ-संध्याकाळ मशीन चालतं आणि सारणारे हात माझे. त्या हातांत मनगटाला गच्च बसलेल्या काचेच्या बांगड्या. सासूबाई बाजारात कासाराला बजावून लहान मापाच्या भरायला लावायच्या. सैल बांगडी फुटते, आणि निघते. सवाष्णीच्या हातातली बांगडी निघायलाच नको.

पलीकडच्या वस्तीवरच्या एका बाईचा हात असाच वैरणीबरोबर आत ओढला गेला. मनगटापासून गेला. ती आता एका हातानं भाकरी थापते. तिच्या दारावरून जाताना मी माझे हात पदराखाली घेते.

मी सासूबाईंना एकदा म्हणाले होते, मशीन चालवताना बांगड्या काढू का. त्या वैरण सोडून माझ्याकडं बघायला लागल्या. म्हणाल्या, “माझा लेक तिकडं जिवावरचं काम करतो, अन् तू हात मोकळे करून बसती?” म्हणजे बघा, त्याच्या जिवाला जपायला त्यानं अंगठी काढायची आणि त्याच्याच जिवाला जपायला मी बांगड्या घालायच्या. माझ्या हाताला जपायला कुणी काय करायचं? मालकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, आईचं मन मोडू नको. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

या हिवाळ्यात ते सुट्टीवर आले. शिवारात ऊसतोड चालू होती, त्यामुळं उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं भरपूर. एका संध्याकाळी ते हौसेनं मशीनवर उभे राहिले, मी मागून पेंढ्या देत होते. ओलं वाढं रुळांत गच्च अडकलं, मशीन घरघरायला लागलं आणि तेवढ्यात लाईट गेली.

आमच्याकडं लाईट गेली म्हणजे मशीन बंद, असाच समज. मशीनचा खटका पाडायला कोण जातंय? तो लांब दाराजवळच्या भिंतीवर. उलट सगळे म्हणतात, लाईट नाही तोवर अडकलेलं काढून घ्या, आली की मशीन आपोआप फिरेल. मीसुद्धा तसंच करत आले होते. पण यंदा ओसरीवरच्या गोष्टी ऐकून ऐकून माझ्या डोक्यात तो खटका आणि ती लाल फीत बसली होती. आणि ज्यांनी त्या गोष्टी सांगितल्या त्यांनीच कोपरापर्यंत हात आत घातला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

मी म्हणाले, “थांबा.”

“अगं, लाईट न्हाई.”

“थांबा म्हणते ना.”

त्यांनी मान वळवली नाही. “मला नको शिकवू तू,” म्हणाले आणि वाढं उपसत राहिले.

तिथं कालचा भरती झालेला म्हणाला असता तर हात बाहेर आला असता. जोडीदार नुसता खाकरला असता तरी आला असता. मला भीती वाटली नाही, राग आला. मी पेंढी टाकली, तरातरा दारापाशी गेले आणि खटका पाडला. हात खटक्यावरच होता तोवर गोठ्यातला दिवा लागला.

मशीन गप्प होतं. त्यांचा हात आतच होता.

त्यांनी आधी दिव्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हात हळूहळू बाहेर काढला आणि वाढ्याच्या ढिगावर बसले. चेहरा पांढराफटक. सासूबाई बाहेर आल्या, काय झालं विचारायला लागल्या. मालक म्हणाले, हात आत होता आणि लाईट आली, पण मशीन चालूच झालं नाही. एवढंच. सासूबाईंनी तिथंच हात जोडले, गणपती पावला म्हणाल्या आणि लिंबागणेशच्या देवाला नारळ बोलल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. नारळ मालकांनी फोडला, ताट मी धरलं. खटका पाडला मी आणि नारळ देवाला. देवाशी माझं भांडण नाही, पण त्या दिवशी मला गणपतीचासुद्धा हेवा वाटला. जाताना वाट बघितली, येताना बघितली, मालक आईपाशी एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी कोंबड्या हाकलल्या, जाळी धुतली आणि रुळांवर बसवून पेच आवळले. मग सुट्टी संपली आणि ते गेले.

काही दिवसांनी एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. तो जोडीदार. सासूबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या, मी त्यांच्यासमोर. म्हणाला, वहिनी, आज सकाळी कामावर जायच्या आधी सगळे उभे होते, तिथं तुमची गोष्ट निघाली. मालकांनी स्वतः पुढं होऊन सांगितली होती. ते म्हणाले, मी इथं ज्याच्यासाठी दुसऱ्यांना रागावतो तेच घरी केलं, बायको दोनदा थांबा म्हणाली, मी ऐकलं नाही, तिनं खटका पाडला म्हणून हा हात आहे. साहेब सगळ्यांना म्हणाले, ऐकत नसेल तर असंच करायचं, आधी वीज तोडायची आणि मग भांडायचं. जोडीदार म्हणाला, त्याच्यावर नजर ठेवायचं काम माझं आहे, ते तुम्ही केलं, म्हणून फोन केला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझी गोष्टसुद्धा विमानाकडंच गेली! तिथं ती सगळ्यांनी ऐकली, आणि जिथं ती सांगायला हवी होती त्या घरात एक अक्षर नाही.

तो पुढं बोलतच होता. मी म्हणाले, “भाऊजी, थांबा.”

आणि काय सांगू, तो शब्दाच्या मधेच थांबला. कावूनसुद्धा विचारलं नाही.

मग मी फोनचा आवाज मोठा केला आणि डाळीच्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाले, आता पहिल्यापासून सांगा, सासूबाई ऐकतायत. त्यानं सगळं पुन्हा सांगितलं. सासूबाईंचा हात ताटात तसाच राहिला होता.

“म्हंजे खटका हिनं पाडलता?” त्यांनी फोनलाच विचारलं.

“हो काकू. नाहीतर तुमच्या मुलाचा हात गेला असता.”

त्या उठल्या आणि गोठ्यात गेल्या. बराच वेळ खटक्याकडं बघत उभ्या होत्या. परत येऊन डाळ निवडायला बसल्या.

संक्रांतीच्या आधी आम्ही आष्टीच्या बाजाराला गेलो. नेहमीच्या कासारानं माझा हात धरला, दाबून बघितला आणि नेहमीचं माप काढलं. सासूबाई म्हणाल्या, “एक माप मोठ्या भर.”

“सैल व्हत्याल की, मावशी. निसटत्याल.”

“निसटू दे. हिला मशिनीवर जाताना काढाव्या लागत्यात.” मग माझ्याकडं न बघता कासाराला म्हणाल्या, “माझा लेक बी तिकडं अंगठी काढतो.”

घ्या! शेवटी दाखला लेकाचाच. पण मी दुसरा हातही पुढं केला.