कांताबाईंनी साठ टक्के खोडले

मान झुकवायची मला सवय नाही. पुढे कलेक्टर असो की कारखान्याचा मालक. पण समता कॉलनीतल्या शेअर दलालाच्या ऑफिसात ती कांताबाईंसमोर झुकली, हे लिहून ठेवतो.

कांताबाई आठवी पास. सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात बावीस वर्षं जेवणाचे डबे पोचवतात. नवरा, गुलाबराव, तिथेच कामाला होता. तो वारला तेव्हा त्याची ग्रॅच्युइटी मी युनियनतर्फे भांडून काढून दिली. चार लाख. त्यावर पोरीचं, दीपमालाचं, नर्सिंग व्हायचं होतं. ते पैसे त्याच कंपनीच्या शेअरात दुप्पट करू, असं ठरलं. ठरलं कसलं, मीच सांगितलं, "घ्या, आपल्या घामाची कंपनी आहे."

दलालाकडचा राकेश कागदावर आकडे मांडून समजावू लागला. "देखो दीदी, एक शेअर की कमाई ग्यारह रुपये बीस पैसे. भाव चार सौ अड़तालीस. मतलब कमाई का चालीस गुना."

"अगं माय! महाग झालं ना मंग."

"अकेला चालीस मत देखो. कमाई एक साल में साठ टक्का बढ़ी. चालीस को साठ से भाग दो. एक से नीचे आया, मतलब सस्ता."

मी जाणत्यासारखी मान डोलावली. कांताबाईंनी पेन मागून घेतला.

"आदल्या साली कमाई केवढी होती?"

"सात रुपये."

"अन् त्याच्या आदल्या साली?"

राकेशने कॉम्प्युटरात पाहिलं. "दस."

"हव. दहाचे सात कसे झाले ते मले माहीत आहे. भट्टी चार महिने बंद होती. माहे दोनशे डबे चाळीसवर आले होते." त्यांनी कागदावरच्या साठवर आडवी रेघ मारली. "पडलेला माणूस उठून उभा राहिला, तं तो उंच झाला म्हणतेत का? दहाचे अकरा-वीस, तेही दोन सालांत. सालाचे सहा टक्के धर. भाग आता चाळीसले."

राकेशने भागलं. साडेसहाच्या वर. त्याने हळूच पेन परत घेऊन टोपण लावलं.

कांताबाई माझ्याकडे वळल्या. "भैया, ते चार महिने तुम्हीच तं गेटवर धरन्यावर बसले होते. माह्याच डब्यातलं जेवत होते. तुम्ही काहून नाही बोलले?"

दुसऱ्या कोणी हे विचारलं असतं तर मी टेबल उलथवलं असतं. वीस वर्षं मालकांचा नफा माइकवरून फोडून सांगतोय मी. बंद भट्टीचे नारे माझे, अन् आकड्यात ती भट्टी दिसली या बाईला!

शेअरसाठी आणलेला चेक त्यांनी घडी करून बटव्यात घातला. "चला. कॉलेजची फी भरायची खिडकी तीनला बंद होते."

मी त्यांची डब्यांची पिशवी उचलली आणि मागोमाग जिना उतरलो.