सहस्त्रकुंड कोरडं होतं, दोर मात्र मिळाला

पाण्यात उतरलेल्या माणसाला वर कधी ओढायचं, हे कोणी ठरवावं? खाली असलेल्याने की वर दोर धरलेल्याने? माझ्याकडे याचं उत्तर नाही. हे सगळं लिहून झाल्यावरही ते सापडेल असं वाटत नाही.

मागच्या महिन्यात मी शिरूर अनंतपाळहून इस्लापूरला जाऊन आले. सहस्त्रकुंड धबधब्याला कसं जायचं हे बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून वाट, बस आणि जेवणाचं ओघात सांगतेच. पण मी धबधबा पाहायला गेले नव्हते. मामाला आणायला गेले होते.

माझे बाबा विहिरीत बुडी मारतात. कोणाची मोटर तळाला गेली, बादली पडली, कधी माणूस पडला, की त्यांना निरोप येतो. ते म्हणतात, "लातूर जिल्हा झाला, शिरूर तालुका झाला, पाणबुड्या अजून मीच हाय." त्यांच्या कमरेचा दोर धरायचा तो मेव्हण्याने, अशी आमच्याकडची रीत. भावाच्या मनात वाटणीचं काही येऊ शकतं, पण बहिणीचं कुंकू हातात असलेला माणूस दोर सोडत नाही, हा त्यामागचा हिशेब. मागे दोन गडी ओढायला असतात. मेव्हण्याने फक्त दोराची हालचाल ओळखायची, वेळ मोजायची आणि 'ओढा' म्हणायचं. मामा वेळ मोजायचा ती त्रिसरण-पंचशील म्हणून. बेताने म्हटलं की सव्वा मिनिट होतं. पाचवं शील संपलं की ओढायचं.

आठ वर्षांपूर्वी गावातली एक सून पाणी शेंदताना विहिरीत पडली. बाबा उतरले. दोर ओढला गेला तेव्हा तिचा पदर नुकताच त्यांच्या हातात आला होता, तो सुटला. पुन्हा उतरून तिला वर काढेपर्यंत ती गेलेली होती. बाबा मामाला म्हणाले, तू वेळेआधी ओढलंस. मामा म्हणाला, पाचही शीलं म्हटली. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. मामा दोर घेऊन गेला आणि पुढे इस्लापूरजवळच्या एका निवासी शाळेत शिपाई म्हणून लागला. बाबा नायलॉनचा दोर ट्रॅक्टरला बांधून उतरू लागले.

यंदा मृग बरा झाला, सोयाबीन उगवलं आणि पावसाने तोंड फिरवलं. त्यातच शेजारच्या तात्यांच्या विहिरीतली मोटर दोर तुटून तळाला गेली. मागच्या दुष्काळात तात्यांनी त्या विहिरीत खडकाखालून आडवं कोरलं होतं. मोटर नेमकी त्या कपारीत घसरली. पाणी उपसून काढा म्हटलं तर तात्या म्हणाले, आहे तेवढं पाणी पंधरा दिवस पुरवायचंय. बाबांनी मंगळवारी उतरायचं कबूल केलं.

तेच दिवस थायलंडमधल्या गुहेचे होते. बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्यापलीकडे अडकलेले, आणि टीव्हीवर दिवसभर तेच. अरुंद कपारीतून पाणबुडे जाताना दाखवले की आई उठून आत जायची. गुरुवारी तिने मला सांगितलं, "मामाला घेऊन ये. मी सांगितलंय म्हणावं." मी घरातली पहिली पदवीधर. आमच्या घरात अर्ज लिहायला, बँकेत जायला आणि भांडण मिटवायला मलाच पाठवतात.

शुक्रवारी सकाळी सातला निघाले. नळेगाव, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा रस्ता. अहमदपूरला बस बदलावी लागते. चाकूरपर्यंत रस्ता खराब, पुढे बरा. पाणी घरून न्या, स्टँडवरच्या नळांवर विसंबू नका. नांदेडपर्यंत साडेचार तास धरा.

अहमदपूरच्या बसमध्ये माझ्या पुढे धोतरातले दोन म्हातारे होते. शेजारच्या पोराच्या मोबाइलमध्ये बातम्या चालू होत्या. एक म्हणाला की इथं पाणी न्हाई आन् तिथं पाणी उपसून राहिलेत, द्या म्हणावं पाइप लावून. सगळे हसले. मग पोराने वाचून दाखवलं की उपसलेलं पाणी खालच्या शेतांत शिरलं, रोपं बुडाली, आणि शेतकरी म्हणाले की जाऊ द्या, लेकरं निघू द्या. त्यावर हसू थांबलं. दुसऱ्या म्हाताऱ्याने बांधावरून तीस वर्षं भांडणाऱ्या आपल्या चुलतभावाचं नाव घेतलं आणि म्हणाला, "त्याला दाखवा हे."

मागून एका बाईने विचारलं की लेकरं गुहेत गेलीच कामून. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "तुमची काय विचारून जातेत का मावशी?"

नांदेडला मी गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवले. डाळ, भाजी, पोळी. पोटभर होतं आणि कोणी काही विचारत नाही. एकट्या मुलीला प्रवासात याहून चांगली जागा नाही. पोळ्या लाटायला बसलेल्या बाईने सांगितलं की सकाळी त्या मुलांसाठीही अरदास केली.

बाहेर स्टँडवर चहा घेताना टीव्हीवर नवी बातमी आली. मुलांसाठी हवेच्या टाक्या ठेवून परत येताना एक पाणबुड्या गेला. हॉटेलात गर्दी होती. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. एक जण म्हणाला, एकाला काढायला दुसरा गेला, ही काय रीत झाली. दुसरा म्हणाला, तुझं लेकरू असतं तर?  मग तिसऱ्याने सरकारवर विषय नेला आणि सगळ्यांना बोलायला सोपं झालं. मी चहा अर्धा ठेवला.

नांदेडहून भोकर, हिमायतनगरमार्गे इस्लापूरला तीन तास लागतात. आदिलाबादकडे जाणारी रेल्वेही आहे. तिला सहस्त्रकुंड नावाचं स्टेशन आहे, वेळ जमली तर तीच बरी. हिमायतनगरनंतर साग सुरू होतो, हवा बदलते. भिंतींवर 'किनवट जिल्हा झालाच पाहिजे' असं रंगवलेलं दिसतं. शेजारी बसलेल्या नर्सबाई म्हणाल्या, जिल्हा होईल तेव्हा होईल, पण पैनगंगेत कोणी बुडालं तर बोट आणि पाणबुडे नांदेडहून येतात, तोवर आम्ही काठावर बसून असतो. मला वाटलं, आमच्याकडे निदान बाबा आहेत. लगेच मंगळवार आठवला.

मामा शाळेच्या फाटकातच होता. केस पांढरे झालेले. "जयभीम मामा," म्हटलं तर आधी त्याने आईची तब्येत विचारली, मग माझी, मग थोडं थांबून, "दाजी?"

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि जेवायला वाढलं. वसतिगृहाच्या हॉलमध्ये मुली टीव्हीसमोर बसल्या होत्या. एकीने मामाला विचारलं, "काका, त्यांची एवढ्या दिवसांची गैरहजेरी लावतेत का?" मामा गंभीरपणे म्हणाला, "हेडमास्तर चांगला असल तर न्हाई लावत." ती समाधानाने पुन्हा टीव्हीकडे वळली.

शनिवारी सकाळी तो मला सहस्त्रकुंडाला घेऊन गेला. इस्लापूरहून टमटम मिळते. पाऊस चांगला झाला की ऑगस्ट-सप्टेंबरात या. तेव्हा पैनगंगा इथून एवढ्या धारांनी पडते की बोललेलं ऐकू येत नाही, असं मामा म्हणाला. मी गेले तेव्हा काळा खडक उघडा पडला होता आणि एका कडेने बोटभर धार. खडकावर शेवाळ वाळलेलं असलं तरी चप्पल घसरते. बूट घाला, कडेला जाऊ नका. वर भजी आणि चहा मिळतो.

मामा खडकावर बसला. खालच्या डोहाकडे बघत म्हणाला, "काल एक पाणबुड्या गेला म्हणं."

मी हो म्हटलं.

"त्याचा दोर कोणाकडं होता की."

मी सांगितलं की तिथे तसं नसतं, टाक्या असतात, जोडीदार असतो. त्याला ते ऐकू आलं की नाही कळलं नाही. तो म्हणाला, "प्रज्ञा, त्या दिवशी मी पाच म्हटली न्हाईत. तिसरं झालं आन् दोर एकदम जड लागला. मला वाटलं दाजी गेला. ओढा म्हटलं. खोटं न बोलायचं ते चौथं. तेवढं म्हणायचंच राहिलं बघ."

 ती बाई आणखी दोन शीलांच्या वेळात वर आली असती का, आणि आली असती तर जिवंत असती का, हे कोणालाच माहीत नाही. बाबा वर आले असते का, हेही नाही. मी एवढंच म्हणाले की मामा, तुम्ही चला, बाबांना हे तुम्हीच सांगा.

"न्हाई. माझा हात भ्यालेला हाय. भ्यालेला हात दोराला चालत न्हाई."

"मग मी बाबांना सांगू?"

"तुला वाटलं तर सांग. मला काही विचारू नको."

शाळेवर परतल्यावर त्याने पेटीतून दोर काढला. सुती, तीन पदरी, अंगठ्याएवढा जाड. मला वाटलं तोच जुना. तो म्हणाला, जुना केव्हाच कुजला, हा मागच्या उन्हाळ्यात वळला. त्याच्या आधी एक वळला होता. आठ वर्षं एकाही विहिरीवर न गेलेला माणूस दोर वळत होता. दुपारभर त्याने मला शिकवलं. दोर तळहातावर घ्यायचा, मुठीत आवळायचा नाही. एक हिसका म्हणजे आणखी थांब. तीन म्हणजे ओढ. "आन् काहीच न्हाई आलं तर?" मी विचारलं. तो म्हणाला, "म्हणूनच पंचशील."

रविवारी दोर पिशवीत घालून परत निघाले. पिशवी जड होती, लोह्यापर्यंत मांडीवर धरून बसले. बसमध्ये संध्याकाळी बातमी आली की पहिली चार मुलं बाहेर आली. ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन दोन मिनिटं स्वतः मोबाइल पाहिला. कोणी तक्रार केली नाही. एका बाईने डब्यातले धपाटे ओळीने वाटले. मलाही अर्धं मिळालं.

घरी बाबांनी दोर हातभर हातभर करून तपासला, कुठे कुठे पीळ उलगडून पाहिला. कोणी वळला ते विचारलं नाही. मंगळवारी मी दोर धरणार म्हटल्यावर तात्या म्हणाले, बाईमाणूस दोरावर कधी पाहिलं न्हाई. आई म्हणाली, "तात्या, मेव्हणा बहिणीसाठी धरतो. ही बापासाठी धरल. तुम्ही मागं ओढायला उभे राहा."

बाबा उतरले. मी म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या शीलावर दोर जड झाला. अगदी मामाने सांगितला तसाच. तरी मी चौथं म्हटलं. पाचवं संपता संपता एक हिसका आला. आणखी थांब. तरी मी पाचवं पूर्ण केलं आणि म्हटलं, ओढा.

बाबा वर आले ते संतापूनच. डोळे लाल, बोटाला कापलेलं. "मोटरीला हूक अडकतच होता. वर बसून काय कळतंय तुला? मामाच्याच वळणावर गेलीस."

मी म्हणाले, "मामानं तिसऱ्यावर ओढलं होतं, बाबा. त्यानंच सांगितलं. मी पाच पूर्ण केली."

आई काठावर होती. तात्या आणि दुसरा गडी दोर धरून उभे होते. बाबांनी तोंडावरचं पाणी पुसलं, बराच वेळ कमरेची गाठ चाचपली. मग म्हणाले, "तिसऱ्यावर व्हय." आणि थोड्या वेळाने, "पाचवं झालं की ओढ. हिसका आला तरी ओढ."

दुसऱ्या बुडीत हूक लागला नाही. तिसऱ्या बुडीत मोटर निघाली.

संध्याकाळी टीव्हीवर सगळे बाहेर आले. गल्लीत कोणीतरी पेढे वाटले, जणू आमच्याच गावची पोरं होती. बाबांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाले की आत गेलेले सगळे दाखवले, बाहेर मोजत बसलेले कोणीच दाखवले न्हाईत. मी मामाला फोन करून कळवलं की बाबांना सांगितलं.  त्याने विचारलं, "दोर वाळत घातला का?"

बाबा आणि मामा अजून बोललेले नाहीत. तसं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं, पण झालेलं नाही. बाबांनी त्या दिवसापासून नायलॉनच्या दोराला हात लावला नाही, एवढं मात्र मी पाहिलंय. पहिल्या बुडीत मी थांबले असते तर मोटर तेव्हाच निघाली असती, असं ते अजून म्हणतात. कदाचित खरंही असेल.

माझी स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका लातूरला. दोर धरणाऱ्याकडेच राहायचा, म्हणून बुधवारी निघताना मी तो खुंटीवरून काढून पिशवीत घातला. बाबा दारात होते, ते पाहून बाजूला सरकले. लातूरला तो माझ्या खोलीत कॉटखाली होता. शनिवारी त्यांचा फोन आला की नळेगावकडच्या एका विहिरीत मोटर पडली आहे, उद्या येतीस का.

रविवारी पहिल्या बसने दोर घेऊन गेले.