प्रभुभोजनाचे मनुके

शनिवारी दुपारी आम्ही दोघं ओसरीत बसून मनुके निवडत होतो. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि प्याल्यातला द्राक्षरस घ्यायचा. आमच्या देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. पाळकसाहेब राहतात बारामतीला आणि आमच्याकडं महिन्यातनं एकदाच येतात. प्याल्यातला द्राक्षरस आमच्या घरचा. दारू आमच्यात चालत नाही. काळे मनुके भिजवायचे, कुसकरायचे, उकळायचे आणि गाळायचे. ते सगळं कारभारीण करायची. माझ्याकडं फक्त देठ काढायचे. तेही मला जमत नाही असं तिचं म्हणणं.

माझ्या ढिगातला एक मनुका उचलून तिनं माझ्या नाकासमोर धरला.

"आवं, ह्यो बघा देठ."

"गाळल्यावर कुठं ऱ्हातोय? देवाला दिसणार हाय व्हय?"

"देवाला न्हाय दिसायचा. पाळकाला कडू लागंल. मग त्ये खोकत्यात आन् सगळं देऊळ माझ्याकडं बघतंय."

पाळकसाहेब खोकतात हे खरं. भोजन झालं की प्याल्यात उरलेला रस त्यांनी तिथंच वेदीपाशी पिऊन टाकायचा असतो. तो ओतायचा नाही, घरी न्यायचा नाही, अशी रीत. आणि त्यांना किती घोट लागले ते कारभारीण बायकांच्या बाजूला बसून मोजायची. जास्त घोट लागले तर पुढच्या महिन्याला मनुके कमी, लवकर संपलं तर एक मूठ वाढवायची. त्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना करायची असते. हिचे उघडे. मी एकदा टोकलं, तर म्हणाली, तुमचे मिटले होते तर तुम्हाला कळलं कसं.

मनुके धुऊन तिनं कोमट पाण्यात घातले, डब्याला झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला. मग शेळीला पाला टाकायला गेली. परत आली ती छाती धरून. ओसरीच्या कडेला बसली आणि घाम फुटलाय म्हणाली. शेजाऱ्यांच्या गाडीतनं भिगवणला नेली. डॉक्टरनं तपासलं आणि गेल्या म्हणून सांगितलं. दिवे लागायच्या आत परत घरी आणली. जिथं मनुके निवडले तिथंच चटई टाकून ठेवली.

पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, उद्या येतोच आहे, उपासना झाली की माती देऊ. लेक सोलापूरच्या पलीकडं दिलेली, तीही तोवर पोचली असती. असं ठरलं.

सकाळी उठलो तर डबा फळीवर तसाच. झाकण काढलं. मनुके टम्म फुगलेले.

आता हितं थोडं मागचं सांगितलं पाहिजे. काही वर्षांखाली माझी आई गेली तेव्हा असाच भोजनाचा रविवार आला होता. आमच्यात सुतक पाळत नाहीत, म्हणजे पाळू नये असं पाळक सांगतात. पण आमचे आजे-पणजे बाप्तिस्मा घ्यायच्या आधी जे पाळत होते ते काही सगळं नदीला सोडून आले नाहीत. मेलेल्या घरचा रस कसा प्यायचा, अशी कुजबुज झाली. मी तेव्हा कारखान्यावर पाळीला होतो. कारभारणीनं कुणाशी न भांडता तयार रस बोरीच्या बुडात ओतला आणि दुकानातली सरबताची बाटली देवळात दिली. मी घरी आल्यावर म्हणाली, "पुन्यांदा वतायची न्हाय म्या. कुणी मेलं तरी न्हाय."

मेली तीच.

मी मनुके कुसकरायला घेतले. माझी थोरली बहीण, आक्का, रात्रभर मढ्यापाशी बसली होती. ती उठून आत आली. मी गॅस पेटवला तसं तिनं कपाळावर हात मारला. घरात माणूस पडलेलं असताना चूल पेटवत नाहीत. शेजारचेच चहा आणून देतात.

"काय चाललंय तुजं?"

"रस करतोय."

"बायको भाईर पडलीय आन् तू रस करतूयास. येडा झाला का? कोण पिणार त्यो सुतकाचा?"

"आपल्यात सुतक न्हाय."

"शास्त्रात न्हाय. माणसांत हाय. रस घ्यायला कुणी उठलं न्हाय तर तिचीच शोभा हुईल."

ते मलाही कळत होतं. रस नेला आणि माणसं बाकावरनं हलली नाहीत तर तिच्या हातचं शेवटचं काम सगळ्यांच्या देखत वाया जाणार. न न्यावा तर तिचा शब्द गेला. किती उकळायचं ते मला माहीत नव्हतं. फेस बसेपर्यंत ढवळत राहिलो. गाळायचं फडकं वेगळ्या खिळ्याला असायचं, त्याला दुसरं काही पुसलेलं तिला चालत नव्हतं. त्यातनं गाळलं, डब्यात भरलं, पायात चपला घातल्या आणि गेलो.

पाळकसाहेब दारातच होते. माझा हात धरून म्हणाले, आज भोजन राहू द्या, नुसती प्रार्थना करू, मंडळी समजून घेतील.

मी म्हणालो, "मंडळीनं काय समजायचं ते समजू द्या, साहेब. रस आणलाय. तिनं भिजवला, मी उकळला. ज्याला नगं असंल त्यो बसून ऱ्हाईल."

त्यांनी डबा घेतला. उपासना नेहमीसारखी झाली. मी पुढच्या बाकावर बसलो होतो. पापांची कबुली झाली, भाकर मोडली, प्याला उचलला. पुढं या म्हटल्यावर मी उठलो आणि वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकले. रस जरा करपट लागला. माझ्या बाजूला कोण टेकलं, मागं कोण बसून राहिलं, मी बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. परत येऊन बाकावर खाली मान घालून बसलो. पाय वाजत होते, पण ते पुढं जाणाऱ्यांचे का दाराकडं जाणाऱ्यांचे ते कळेना.

मग शेवटची प्रार्थना लागली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले. पाळकसाहेबांनी प्याला तोंडाला लावला. एक घोट घेतला, प्याल्यात वाकून बघितलं आणि पाणी घालून तो धुवायला घेतला. खोकले नाहीत.

पुढच्या महिन्याला मूठभर वाढवायला पाहिजेत, असं मनात येऊन गेलं.

डबा घेऊन घरी आलो. आक्का ओसरीच्या कडेलाच उभी होती.

"किती उरलं?" म्हणाली.

"एक घोट."

तिनं माझ्या हातातनं डबा घेतला आणि मोरीत नेऊन स्वतः घासला. मी फडकं धुतलं, त्याच्या खिळ्याला अडकवलं आणि कारभारणीपाशी जाऊन बसलो.